जुनं दुखणं डॉक्टरांना कसं सांगावं

"कंबर दुखते, डॉक्टर."

"कधीपासून?"

"झाली असतील चारेक वर्षं."

"दहापैकी किती?"

"आठ."

डॉक्टरांनी मान वर करून पाहिलं. समोर मी. इस्त्रीची साडी, चापूनचोपून घातलेली वेणी आणि चेहऱ्यावर सवयीचं हसू. आठ म्हणणाऱ्या बाईचा असा अवतार नसतो, असं त्यांना वाटलं असावं. पाच दिवसांच्या गोळ्या मिळाल्या आणि वर 'वजन कमी करा'. बाहेर आल्यावर चपलेचा पट्टा लावायला मला वाकता येईना. नवऱ्याने जिन्यात उकिडवं बसून तो लावून दिला. आत सांगायचं होतं ते हे, आणि मी आकडा सांगून आले होते.

तीन महिन्यांहून जास्त टिकलेलं किंवा पुन्हा पुन्हा उलटणारं दुखणं म्हणजे जुनाट दुखणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२पासून लागू झालेल्या रोगांच्या वर्गीकरणात त्याला स्वतंत्र जागा आहे. रिपोर्ट 'नॉर्मल' आला म्हणून दुखणं खोटं ठरत नाही. अडचण वेळेची असते. २०१७ साली ६७ देशांतल्या तपासण्यांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात एका पेशंटला मिळणारा सरासरी वेळ बांगलादेशात ४८ सेकंद होता, स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं. आपल्या ओपीडीच्या बाकावर बसलेल्याला आपण कुणाच्या जवळचे ते वेगळं सांगायला नको. त्यामुळे तयारी घरूनच करून जायची.

१. 'दुखतं' सोडून दुसरा शब्द शोधा

मराठीत दुखण्याचे शब्द भरपूर आहेत आणि आपण ते आईजवळ वापरतो, डॉक्टरांपुढे गिळतो. ठणकतं, ठसठसतं, कळ येते, चमक मारते, भरून येतं, आखडतं, आग होते, मुंग्या येतात. हे सगळं एक नाही. आग, मुंग्या, करंट बसल्यासारखी पायात उतरणारी सणक असं ऐकलं की डॉक्टर नसेचा विचार करतात. सकाळी बोटं आखडतात असं सांगितलंत, तर ती किती वेळाने मोकळी होतात तेही सांगा. चहा होईपर्यंत सुटतात की तासभर तशीच राहतात, यावरून नुसती झीज आहे की सुजेचा वात, याचा अंदाज बांधता येतो. मोठ्या हॉस्पिटलात समोरचे शिकाऊ डॉक्टर मराठी नसतील तर शब्दावर अडू नका. बोट ठेवून दाखवा: इथून निघतं, इथवर जातं.

मात्र निदान घेऊन जाऊ नका. 'मणक्यात गॅप आलाय', 'नस दबलीय' ही वाक्यं आपण शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून उचलतो. (गंमत म्हणजे ज्याला आपण गॅप म्हणतो, त्यात बहुतेक वेळा दोन मणक्यांमधली जागा कमी झालेली असते.) एमआरआयवर झीज दिसणारे, पण काहीच न दुखणारे लोकही पुष्कळ असतात.

२. आकड्याला एक काम बांधा

डॉक्टर आकडा विचारणारच. सांगा, पण एकटा सोडू नका. "बसल्यावर चार, पण पोळ्या लाटायला उभी राहिले की सहाव्या पोळीला सात होतं आणि गॅस बंद करावा लागतो." यात किती वेळ, कशाने वाढतं, काय सुटलं, सगळं आलं. सुटलेली कामं आठवा: रिक्षातून उतरणं, भारतीय पद्धतीच्या संडासात बसणं, नातवाला उचलणं, दुचाकीवर मागे बसणं, रात्री कूस बदलणं. संडासाचं सांगायला लाज वाटते, पण गुडघ्याबद्दल त्याइतकं उपयोगाचं दुसरं काही नाही. आणि हसू नका. आपल्याला सोसून हसायचं वळण असतं. समोरच्याला फक्त हसू दिसतं.

३. आठवडाभर लिहा, पण एकच पान न्या

रोज तीन ओळी पुरेत: केव्हा वाढलं, त्याआधी काय केलं होतं, झोप किती लागली. मी एकदा अख्खी वही घेऊन गेले होते. ती उघडली गेली नाही, आणि त्यात डॉक्टरांचं चुकलं असं मला वाटत नाही. दुसऱ्या खेपेला पोस्टकार्डाएवढा कागद नेला, तो फाईलला टाचला गेला.

४. गोळ्यांची पिशवीच उचला

'ती पांढरी गोळी' याला अर्थ नसतो. घरातल्या सगळ्या स्ट्रिपा, मलमं, काढे, मेडिकलवाल्याने स्वतःहून दिलेलं, गावाकडच्या वैदूची पुडी, सगळं पिशवीत घाला. दोन वेगळ्या नावांच्या गोळ्यांत एकच औषध निघतं. डायक्लोफेनॅकच्या जातीच्या दुखणं थांबवणाऱ्या गोळ्या रोज घेतल्या तर पोट आणि किडनीला त्रास होऊ शकतो. बिननावाच्या पुडीत स्टेरॉईड सापडल्याचे प्रकार झालेले आहेत. 'ओरडतील' म्हणून लपवू नका.

५. सगळ्यात मोठी गोष्ट पहिल्या वाक्यात

आपण सर्दीपासून सुरुवात करतो आणि दाराशी पोचल्यावर म्हणतो, "हां, आणखी एक, पाय बधिर होतो." तेच पहिलं सांगा. पाठदुखीसोबत लघवी-संडासवरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला किंवा पायातली ताकद अचानक कमी झाली, तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, त्याच दिवशी इमर्जन्सीत जायचं. ताप, कारण नसताना उतरलेलं वजन, पूर्वी झालेला कॅन्सर, हेही न विचारता सांगा.

६. सोबतचा माणूस

सोबत कुणी असावं, पण त्याचं काम रिक्षातच ठरवून घ्या. "मी बोलेन, तुम्ही लिहून घ्या." नाहीतर 'हिला ना, टेन्शन फार' हे वाक्य नवऱ्याकडूनच येतं आणि पुढची सगळी तपासणी त्या दिशेला जाते.

७. 'मनाचं आहे' असं ऐकू आलं तर

अ‍ॅमिट्रिप्टिलीन किंवा ड्युलोक्सेटीन लिहून मिळतं, घरी येऊन आपण मोबाईलवर नाव टाकतो, 'डिप्रेशनचं औषध' असं वाचतो आणि गोळी कपाटात जाते. माझी दोन महिने गेली होती. ही औषधं नसांच्या दुखण्यावरही देतात. तिथल्या तिथे विचारा: "हे मला कशासाठी? किती दिवसांनी फरक कळेल? बंद कसं करायचं?" आणि खरंच 'तुम्हाला काही नाही' असं ऐकू आलं तर भांडण न करता म्हणावं, "रिपोर्टमध्ये नाही हे समजलं. पण मला चपलेचा पट्टा लावता येत नाही, त्यासाठी काय करू या?" बहुतेक डॉक्टर इथे पेन खाली ठेवतात. न ठेवणारेही असतात; मग दुसरं मत घ्यावं. ते घेण्यात अपराध नाही.

८. मेसेज कशासाठी, भेट कशासाठी

हे पहिल्याच भेटीत विचारून घ्या, कारण प्रत्येक डॉक्टरांची रीत वेगळी. साधा हिशेब असा: नवा त्रास किंवा बदललेलं दुखणं असेल तर समोर जावं, कारण हात लावून बघण्याची सोय फोनवर नाही. औषधाचा त्रास होत असेल तर फोन. रिपोर्ट पाठवायचा किंवा तारीख घ्यायची असेल तर मेसेज. भारतात मार्च २०२०पासून टेलिमेडिसिनचे नियम आहेत. फोन, व्हिडिओ, मेसेज सगळं चालतं, पण एवढ्यावर भागेल की नाही हे डॉक्टर ठरवतात. ट्रामाडॉल हे जोरदार वेदनाशामक २०१८पासून अंमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं आहे आणि तसली औषधं या नियमांप्रमाणे फोनवरून लिहून देता येत नाहीत. तेव्हा नकार आला तर रागावू नका. मेसेजमध्ये नाव, वय, शेवटच्या भेटीची तारीख आणि एकच प्रश्न लिहा. रात्री साडेअकराचा पाच मिनिटांचा व्हॉइस मेसेज कुणी ऐकत नाही.

९. खुर्चीतून उठण्यापूर्वी

जे समजलं ते आपल्या शब्दांत परत बोलून दाखवा. "म्हणजे ही रात्रीची, जेवणानंतर, व्यायाम दुखलं तरी सोडायचा नाही, पायात कळ उतरली तर थांबायचं. बरोबर?" चूक असेल तर तिथेच सुधारली जाते. मग पुढची तारीख घ्या, आणि मध्येच दुखणं वाढलं तर कुणाला, कोणत्या नंबरवर कळवायचं ते प्रिस्क्रिप्शनच्या मागे लिहून घ्या.