रियाजासाठी रास्पबेरी पायला माइक आणि स्पीकर

मिरजेत सतारमेकर गल्लीपासून आमचं घर जवळच, पण लेकीला तानपुरा जुळवणं अजून जमत नाही. ऑनलाइन शिकवणीत फोन तानपुऱ्याचा अखंड सूर गोंगाट समजून दाबून टाकायचा. म्हणून रास्पबेरी पाय झीरो 2 डब्ल्यू हा एका बोर्डावरचा छोटा संगणक घेऊन तिला एक डबा करून दिला. त्यात तानपुरा वाजत राहतो आणि त्याच वेळी तिचं गाणं रेकॉर्ड होतं.

या बोर्डाला हेडफोनचं छिद्रच नाही. यूएसबी साउंड कार्ड ओटीजी अडॅप्टरने लागतं, घाई असेल तर तेच लावा. मी आयटूएसची, म्हणजे बोर्डाच्या पिनांवरूनच डिजिटल आवाज नेण्या-आणण्याची वाट धरली: आयएनएमपी441 माइक आणि मॅक्स98357ए अँप्लिफायर, सोबत 4 ओहमचा स्पीकर.

जोडणी पाय बंद ठेवूनच करा. माइकला 3.3 व्होल्ट म्हणजे 1 नंबरची पिन, अँप्लिफायरला 5 व्होल्ट म्हणजे 2 नंबरची, आणि ग्राउंड दोघांनाही. घड्याळाच्या, म्हणजे डेटाचा ताल धरणाऱ्या दोन तारा दोघांत सामाईक: माइकची एससीके आणि अँप्लिफायरची बीसीएलके पिन 12 ला, डब्ल्यूएस आणि एलआरसी पिन 35 ला. माइकचा डेटा पिन 38 ला येतो. अँप्लिफायरच्या डीआयएनला डेटा पिन 40 वरून जातो.

इथे नीट लक्ष द्या. दोन्ही बोर्डांवर ‘एसडी’ छापलेलं असतं. माइकवर ती डेटाची पिन, अँप्लिफायरवर मात्र तो बंद-चालू करण्याची. मी दोन्ही एकाच तारेवर घेतल्या आणि दोन संध्याकाळी माइकलाच दोष देत बसलो. माझ्या अँप्लिफायरची एसडी मोकळी ठेवली तरी चालते. माइकची एल/आर मात्र मोकळी सोडू नका. ती ग्राउंडला जोडली की आवाज डाव्या चॅनेलवर येतो. तारा बोटभरच ठेवा.

आता बूटमधल्या फर्मवेअर फोल्डरातली कॉन्फिग फाइल उघडा. ‘डीटीपॅरम=ऑडिओ=ऑन’ या ओळीच्या सुरुवातीला हॅशची (#) खूण द्या आणि शेवटी ‘डीटीओव्हरले=गूगलव्हॉइसहॅट-साउंडकार्ड’ ही ओळ घाला. दोन्ही ओळी अर्थातच इंग्रजी अक्षरांत. रीस्टार्ट केल्यावर ‘एप्ले’ आणि ‘एरेकॉर्ड’ या कमांडना ‘-एल’ (लहान अक्षरातला) जोडून चालवा. दोन्हींत तेच कार्ड दिसलं की जोडणी पोचली.

रेकॉर्डिंग 48000 हर्ट्झ, 32 बिट, दोन चॅनेल असं ठेवा. मिनिटाला साधारण 23 एमबी जातात, म्हणून नंतर मी फक्त डावा चॅनेल 16 बिटमध्ये काढून ठेवतो. अँप्लिफायरची गेन, म्हणजे आवाज किती वाढवायचा ते ठरवणारी पिन मोकळी असेल तर 9 डेसिबल मिळतात. पहाटेच्या शांत खोलीत तेवढा आवाज नको वाटला, म्हणून ती व्हीआयएनला जोडून 6 वर आणली.

स्पीकरचं तोंड भिंतीकडे आणि माइक लेकीपासून हातभर लांब ठेवतो. तानपुरा थोडा रेकॉर्डिंगमध्ये येतोच, आणि यायलाच हवा, नाहीतर ‘सा’ कुठे घसरला ते ऐकताना कळणार कसं?