लिमिटेड एडिशन आयशॅडो पॅलेट घेतलंय? मग या चुका टाळा

गड्ड्याची यात्रा उरकली, पौष सरला की लग्नं सुरू होतात आणि माझ्याकडे नवीकोरी पॅलेट्स घेऊन मुली यायला लागतात. मी जुळे सोलापुरात घरूनच ब्रायडल मेकअप करते. यंदा लाट आहे समुद्राच्या थीमची. झाकणावर शिंपले, आत १२ शेड्स, प्रत्येक वडीवर मासा नाहीतर शंख उठवलेला. आणि तक्रार एकच: "ताई, एवढे पैसे घातले, पण डोळ्यावर कायच दिसंना की ओ!"

दिसेल कसं? घाई झालेली असते ना. "संपण्याआधी घ्या" असं वाचून डबा घेतला, तशीच घाई लावतानाही.

पहिली गोष्ट, पहिल्या बोटावर जाऊ नका. नक्षीच्या वड्यांवर बऱ्याचदा वरून सोनेरी किंवा मोतिया रंगाचा पातळ फवारा मारलेला असतो. पहिल्यांदा बोट फिरवलं की लखलखाट, चौथ्यांदा आतून भलताच रंग. मी टिश्यूने वरचा थर हलक्या हाताने पुसते, मग मनगटावर रेघ ओढून खिडकीशी बघते. ट्यूबलाइटखाली रंग ठरवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

आता माझ्या डोक्यात जाणारी चूक. ओला ब्रश! कुठल्यातरी रीलमध्ये कुणीतरी ब्रशवर पाणी फवारून शिमर, म्हणजे चमकीचा रंग, लावलेला असतो. हे बघून आमच्या मुली मॅट, म्हणजे बिनचमकीच्या, शेडमध्येसुद्धा ओला ब्रश घासतात. हुतात्मा स्मृती मंदिरात नाच होता म्हणून एक कॉलेजची मुलगी आली होती, संध्याकाळी सहाला स्टेज, साडेचारला माझ्या दारात. पॅलेट उघडलं तर तिन्ही मॅट वड्या वरून चकचकीत, टणक, बोट फिरवलं तर रंगाचा कणही निघेना. अगदी कडक भाकरी! "ताई, खराब माल आलाय," म्हणाली. माल चांगला होता. शेंगाचटणी कुटताना तेल सुटतं तसंच इथे होतं. भुकटी दाबून वडी करताना ती एकत्र धरून राहावी म्हणून त्यात थोडं तेलकट बाइंडर घालतात, पाणी लावून घासत राहिलं की ते पृष्ठभागावर येऊन त्याची साय धरते. चेहऱ्याचं तेल लागलेलं बोट पुन्हा पुन्हा बुडवलं तरी हेच.

उपाय सोपा आहे. चिकटपट्टीचा तुकडा वडीवर हलकेच टेकवून उचलायचा, दोन-तीनदा. नाही निघालं तर कोरड्या, नव्या टूथब्रशने खरवडायचं. तिच्या वड्या दहा मिनिटांत जिवंत झाल्या. शिमर ओला करायचाच असेल तर आधी कोरड्या ब्रशवर रंग घ्या, मग ब्रशवर एक फवारा. वडीवर नाही. मी तर तेही करत नाही, शिमरला अनामिकेइतका चांगला ब्रश नाही.

दुसरी मोठी चूक माझी स्वतःची. गेल्या वर्षी मे महिन्यात धाकट्या नणंदेचं लग्न, विजापूर रोडच्या एका कार्यालयात. मुहूर्त दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांचा, आणि मे महिन्यातली सोलापूरची दुपार तुम्हाला सांगायला नको. पॅलेट आदल्या दिवशी हाती पडलेलं. दुसऱ्यांना रंगवण्यात सकाळ गेली, शेवटची दहा मिनिटं माझ्या वाट्याला. पापण्यांवर सनस्क्रीन होतंच, त्यावर काजळ आणि त्यावर थेट नवा हिरवा-निळा शिमर. मंगलाष्टकं सुरू झाली, हातात अक्षता, तेवढ्यात सासूबाईंनी कोपराला धरून बाजूला घेतलं. "कशावर आपटलीस गं?" शिमर घामासोबत पापणीच्या घडीत गोळा झालेला, काजळ खाली उतरलेलं. अल्बममध्ये मी आजही मार खाऊन आल्यासारखी दिसते.

तेव्हापासून माझा नेम आहे. पापणी टिश्यूने टिपून कोरडी, मग तांदळाएवढा कन्सीलर (डाग झाकायचं क्रीम) बोटाने थापून, त्यावर किंचित पावडर. चिकट बेसवर मॅट रंग लावला की ठिपके पडतात, म्हणून पावडर चुकवायची नाही. मग त्वचेच्या जवळची मॅट शेड, आणि शिमर सगळ्यात शेवटी, पापणीच्या मध्यावरच. थीम पॅलेटमध्ये नेमकी ही साधी तपकिरी शेड नसते. ती जुन्या पॅलेटमधून घ्या, लाजू नका. नवं पॅलेट कार्यक्रमाला लावायचं तर आधी दोनदा घरी लावून बघा. मी मेकअप करून गॅससमोर चार भाकऱ्या थापते. त्यात टिकलं तर कार्यालयात टिकतं.

बाकीचं पटकन सांगते.

बाराच्या बारा शेड्स एका डोळ्यावर नकोत. तीन पुरेत.

डोळे आधी, फाउंडेशन नंतर. गालावर पडलेली चमक मग पुसता येते.

रांगोळीत टाकायची चमकी डोळ्यावर कधीच नाही. बुबुळावर ओरखडा उठतो.

निऑन गुलाबी-जांभळ्या वड्या असतील तर खोक्यामागची बारीक अक्षरं वाचा. काही रंगद्रव्यांना अमेरिकेत डोळ्यांभोवती वापरायची परवानगी नाही, म्हणून अशा वड्यांना आयशॅडो न म्हणता 'प्रेस्ड पिगमेंट' म्हणतात.

घरात कुणाचे डोळे आलेत? पॅलेट कपाटात.

वडी फुटली तर रडू नका. चुरा बारीक करा, मेडिकलमधून आणलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलचे काही थेंब घाला, स्वच्छ कपड्यात गुंडाळलेल्या नाण्याने दाबा आणि रात्रभर उघडं ठेवा. मॅट छान बसते, शिमर थोडा मंदावतो.

आणि नक्षी मोडेल म्हणून पॅलेट देव्हाऱ्यात ठेवल्यासारखं जपणाऱ्यांनो, मागे उघड्या डबीचं चिन्ह बघा. आत १२ किंवा २४ लिहिलेलं असतं, म्हणजे उघडल्यापासून तितके महिने. माझ्या त्या हिरव्या वडीच्या तळाचा पत्रा आता दिसायला लागलाय. माशाची फक्त शेपटी उरलीय.