ग्रंथपाल कसं व्हावं: ‘साखर’ कुठल्या कपाटात?

‘वाचनाची आवड आहे ना, मग हो ग्रंथपाल!’ असा सल्ला देणारं कुणी भेटलं की मी विषय बदलते. आवड असलेल्यांनी वाचनालयाचं सभासद व्हावं. नोकरीत आपण पुस्तकं वाचत नाही, दुसऱ्याला हवं ते पुस्तक दोन मिनिटांत हातात देतो.

पदवी कुठल्याही शाखेची चालते. नंतर ग्रंथालयशास्त्राची वर्षाची बी.लिब., मग वर्षाची एम.लिब. आमच्या बडोद्यात सयाजीराव विद्यापीठात हा विषय शिकवतात. कॉलेजात ग्रंथपाल व्हायचं तर एम.लिब.ला 55 टक्के आणि नेट (देशपातळीवरची) किंवा जीसेट (गुजरातची) ही पात्रता परीक्षा.

माझं घोडं अडलं ते वर्गीकरणापाशी, म्हणजे पुस्तक कुठल्या विषयात लावायचं ते ठरवण्यापाशी. ड्यूईच्या पद्धतीत प्रत्येक विषयाला एक आकडा असतो; ते आकडे पाठ करा, असं मला सगळ्यांनी सांगितलं. मी केले, आणि पहिल्याच नोकरीत तोंडावर आपटले. ‘साखर’ एवढंच नाव असलेलं एक जाडजूड पुस्तक आलं. मी रिलेटिव्ह इंडेक्स, म्हणजे ड्यूईची विषयसूची उघडली, 664.1 हा वर्गांक (विषयाचा आकडा) उचलला, पाठीवर चिठ्ठी डकवली आणि मोकळी झाले. पुस्तक मधुमेहावरचं होतं! जायला हवं होतं 616.462 मध्ये. सहा महिने ते साखर कारखान्यांच्या पुस्तकांत बसून राहिलं. शेवटी एक आजोबा चिडून म्हणाले, “बाई, यादीत दिसतंय, मग कपाटात का नाही?”

तेव्हा नावावर कधीही जाऊ नका. आधी अनुक्रमणिका, मग प्रस्तावना, तरीही कळलं नाही तर मधली चार पानं. लेखक साखरेचं काय करतोय ते विचारा. ऊस पिकवतोय? 633.61. साखर बनवतोय? 664.1. धंद्याचं अर्थकारण मांडतोय? 338.476641. इंडेक्स नुसती दिशा दाखवतो, वर्गांक शेड्यूलमध्ये, म्हणजे आकड्यांच्या मुख्य तक्त्यात जाऊनच पक्का करायचा. तिथल्या बारीक टिपा गाळणारा माणूस माझ्याकडे टिकत नाही.

आणि ड्यूई म्हणजे वेदवाक्य नव्हे. सयाजीराव महाराजांनी 1910 साली अमेरिकेहून ग्रंथपाल बोर्डन यांना बोलावलं, तेव्हा त्यांनीही ड्यूई आणि कटर यांच्या पद्धतींची सांगड घालून बडोद्यासाठी वेगळी पद्धत रचली. 1911 मध्ये इथे ग्रंथपालांचा प्रशिक्षण वर्गही सुरू झाला. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत जाऊन काचेच्या फरशा जरूर पाहा. वरचा उजेड खालच्या कपाटांपर्यंत झिरपतो.

कोहा आणि सोल ही ग्रंथालयाची सॉफ्टवेअरं शिकाच, आठवड्यात हात बसतो. त्यांचे महागडे क्लास लावू नका.

सराव असा करा. ड्यूई वापरणाऱ्या एखाद्या ग्रंथालयात परवानगी काढून परत आलेल्या पुस्तकांतली दहा घ्या. पाठीवरची चिठ्ठी कागदाने झाका, स्वतः वर्गांक काढा, मग कागद उचला. चुकलात तर वहीत कारण लिहा. कधी चिठ्ठीच चुकलेली निघेल, तीही तिथल्या ग्रंथपालांना हळूच दाखवा. दहातली सात जुळेपर्यंत मुलाखतीला जाऊ नका.