सोरायसिस आहे आणि सांधेही दुखतात? मग हे करा

सोरायसिस (त्वचेवर खवलेदार चट्टे येण्याचा आजार) असलेल्या दहांपैकी दोन-तीन जणांना पुढे सांध्यांचा त्रास सुरू होतो. बहुतेकांना आधी चट्टे येतात आणि काही वर्षांनी सांधे धरतात. घरात मात्र ‘वात आहे, तेल लावा’ यातच महिने जातात. सहा महिन्यांच्या उशिरानेही सांध्याचे कायमचे नुकसान होऊ शकते.

१. आधी नखे पाहा. उजेडात धरल्यावर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे दिसतात का? टोकाकडून नख सुटून पिवळट झाले आहे का? एखादे बोट मुळापासून टोकापर्यंत सुजून टम्म झाले आहे का? टाचेच्या मागची शीर दुखते का? सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकतो आणि हिंडल्या-फिरल्यावर कमी होतो का? झिजेच्या दुखण्याचे सहसा उलट असते, ते वापराने वाढते.

२. यातले काही आढळले तर संधिवाततज्ज्ञांकडे जा आणि कानामागचे, डोक्यातले, बेंबीतले चट्टेही दाखवा. गुडघा दाखवायला आलेला माणूस डोक्यातला ‘कोंडा’ सांगत नाही आणि निदान तिथेच हुकते. सूज येते-जाते, म्हणून मोबाइलवर फोटो काढून ठेवा. आरए फॅक्टर (संधिवातासाठीची रक्ततपासणी) निगेटिव्ह आला म्हणून निर्धास्त होऊ नका; या आजारात तो बहुधा निगेटिव्हच असतो. ईएसआर, सीआरपी या दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्यासुद्धा कधी कधी नॉर्मल येतात.

३. वेदनाशामक गोळीने दुखणे दबते, सांधा वाचत नाही. त्यासाठी अनेकदा मेथोट्रेक्सेट देतात. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतल्याने जीव गेल्याची उदाहरणे आहेत. वार ठरवा, कॅलेंडरवर खूण करा, घरच्यांनाही सांगा. सोबत फॉलिक ॲसिड, ठरल्या वेळी रक्त आणि यकृताच्या तपासण्या, दारू बंद. मूल हवे असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

४. एवढ्याने भागले नाही तर बायोलॉजिक इंजेक्शने (दाह वाढवणाऱ्या नेमक्या घटकांना रोखणारी औषधे) आहेत. महाग आहेत, पण अनेकांना चांगला गुण येतो. त्याआधी क्षयरोगाची तपासणी झालीच पाहिजे; अंगात दबलेला क्षय या औषधांनी उफाळू शकतो.

५. कुणी दिलेल्या बिननावाच्या पुड्या घेऊ नका. त्यात स्टेरॉइड असेल तर ते एकदम थांबवल्यावर सोरायसिस भडकू शकतो.

वजन जास्त असेल तर उतरवा, औषधे अधिक चांगली लागू पडतात. आणि डोळा लाल होऊन दुखू लागला, उजेड सहन होईना, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.