माळेला नेमके किती मणी लागतील? विकत घ्यायच्या आधीचा हिशोब

मणी कमी पडले की सगळ्यात जास्त चिडचिड होते, कारण दुसऱ्यांदा आणलेल्या मण्यांचा रंग पहिल्यांशी बरेचदा जुळत नाही. आणि जास्त झाले तर ते डबीत पडून राहतात. म्हणून खरेदीच्या आधी कागद-पेन घेऊन बसा. हिशोब साधा भागाकाराचाच आहे, फक्त कशाला कशाने भागायचं तिथे गडबड होते.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, मणी कितीही जाड दिसला तरी दोऱ्यावर तो किती जागा खातो ते त्याच्या भोकाच्या दिशेने मोजायचं. गोल मण्यात फरक पडत नाही, ६ मिमीचा गोल मणी दोऱ्यावर ६ मिमीच घेतो. पण ते चपटे पैलूदार रोंडेल मणी असतात ना, त्यांच्यावर ६×४ असं लिहिलेलं असतं, म्हणजे जाडी ६ आणि भोकाच्या दिशेने फक्त ४. समजा दोऱ्याची भरायची लांबी ४२५ मिमी आहे. ६ ने भागलं तर ७१ मणी येतात, ४ ने भागलं तर १०६. म्हणजे चुकीचा आकडा धरला की पस्तीस मणी कमी! लांबट मण्यांमध्ये दोन आकड्यांतला पहिला कुठला ते विकणाऱ्यागणिक बदलतं, त्यामुळे फोटोत भोक कुठल्या बाजूला आहे ते बघूनच ठरवा. थेंबाच्या आकाराचे, वरच्या टोकाला आडवं भोक असलेले मणी तर आणखी वेगळे, ते ओवल्यावर एक इकडे एक तिकडे वळून एकमेकांत घुसतात, त्यांचा हिशोब कागदावर होतच नाही, ओवूनच मोजावे लागतात.

आता लिहिलेल्या मापावरही फार विश्वास ठेवू नका. दहा मणी एका तारेवर नाहीतर सुईवर ओवा, घट्ट सरकवा, फूटपट्टीला लावा आणि आलेल्या लांबीला दहाने भागा. ६ मिमीचे म्हणून घेतलेले दहा मणी ५८ मिमी भरले तर एक मणी ५.८ चा झाला, आणि त्याच ४२५ मिमीला ७१ नाही तर ७३ मणी लागतील. एक मणी कॅलिपरमध्ये धरून मोजण्यापेक्षा मला हे दहाचं मोजमाप जास्त भरवशाचं वाटतं, कारण दगडाच्या मण्यांत एक थोडा लहान, एक थोडा मोठा असं चालूच असतं, दहांच्या सरासरीत ते निघून जातं.

भरायची लांबी म्हणजे माळेची पूर्ण लांबी नव्हे हां. ४५ सेमीची माळ हवी असेल तर त्यातून हूक, कड्या, शेवटची क्रिम्प (दोरा पक्का करायला दाबून बसवायचा धातूचा बारीक मणी) हे सगळं वजा करायचं. लॉबस्टर हूक आणि दोन्हीकडच्या कड्या मिळून साधारण २ ते २.५ सेमी जातात. वर मी ४२५ धरलं ते असंच, ४५० मधून २५ गेले. मागे वाढवायची साखळी लावणार असाल तर ती किती धरायची ते आधी ठरवा, नाहीतर माळ विचारापेक्षा लांब होते. पेंडंट असेल तर त्याची कडी दोऱ्यावर जेवढी जागा घेते तेवढी वजा करा, उरलेल्याचे दोन भाग करा आणि एका बाजूचे मणी काढून दुप्पट करा, म्हणजे दोन्ही बाजू आपोआप सारख्या होतात.

एकाच प्रकारचे मणी असले तर काम संपलं. पण खरी मजा (आणि खरा गोंधळ) पॅटर्न असला की सुरू होते. तेव्हा सुट्या मण्यांच्या नादी न लागता एक रिपीट, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा मण्यांचा एक गट, मोजा. समजा असा क्रम आहे: ८ मिमीचा मोठा मणी, १.५ मिमीची चकती, ४ मिमीचा छोटा मणी, परत १.५ ची चकती. एक रिपीट १५ मिमीचा झाला. ४२५ भागिले १५ म्हणजे २८ रिपीट आणि ५ मिमी शिल्लक. पण असंच सोडलं तर एका टोकाला मोठा मणी आणि दुसऱ्या टोकाला चकती येईल, विचित्र दिसतं ते. म्हणून शेवटी एक मोठा मणी जादा घ्यायचा. आता मोठे २९, छोटे २८, चकत्या ५६, एकूण लांबी ४२८. तीन मिमी जास्त झाली, ४५ सेमीच्या माळेत ती कोणालाही कळत नाही. अजून एक, रिपीट सम संख्येत आले तर माळेच्या बरोबर मध्ये मोठा मणी बसतो आणि विषम आले तर छोटा. मध्ये काय हवंय ते तुम्ही ठरवा आणि त्याप्रमाणे एखादा रिपीट कमी-जास्त करा.

उतरत्या मापाची माळ, म्हणजे मध्ये मोठा मणी आणि मागे जाताना लहान लहान होत जाणारे, तिथे मधून बाहेर मोजत जा. मध्ये एक १२ चा, मग प्रत्येक बाजूला १० चे तीन, ८ चे चार. त्यांची बेरीज १२ + ६० + ६४ = १३६. ४२५ मधून उरले २८९, त्यात ६ चे ४८ बसतात, म्हणजे एकेका बाजूला २४. इथे ४७ किंवा ४९ आले असते तर जवळच्या सम आकड्यावर आणायचे, बस.

मोत्यांच्या मध्ये गाठी मारणार असाल तर प्रत्येक गाठीचा साधारण १ मिमी धरा (दोरा बारीक असेल तर थोडा कमी). ६ चा मोती आणि गाठ मिळून ७, म्हणजे ४२५ मध्ये ७१ च्या जागी ६१ मोती पुरतात. दोरा मात्र माळेच्या दुपटीहून जास्त घ्या, गाठी तो भराभर खातात.

दोन-तीन पदरी माळेत एका पदराचे मणी काढून तीनने गुणू नका. बाहेरचा पदर लांब असतो. हूक सोडून पदर ४०, ४५ आणि ५० सेमीचे असतील तर ४ मिमीचे मणी १०० + ११२ + १२५, म्हणजे ३३७ लागतात, ३०० नाही.

ब्रेसलेट हा वेगळाच विषय. मनगट १६ सेमी आहे, मणी ८ मिमीचे, १६० भागिले ८ म्हणजे २०, असं करून ओवलं तर ते हातात जाणारच नाही. कारण दोरा मण्यांच्या मधून जातो आणि मनगटाला लागते ती मण्यांची आतली बाजू, तो घेर दोऱ्याच्या घेरापेक्षा लहान असतो. किती लहान, तर मण्याच्या जाडीच्या ३.१४ पट. ८ च्या मण्याला तो फरक जवळपास २५ मिमी होतो, ४ च्या मण्याला साडेबारा, १० च्या मण्याला ३१. तेव्हा मनगटाचा घेर + हा फरक + हालचालीसाठी ५ ते १० मिमी. १६० + २५ + ७ = १९२, म्हणजे बरोबर २४ मणी. त्याच मनगटाला १० चे मणी असतील तर १९८, म्हणजे २०. इथे मात्र लक्षात घ्या, भागाकार करताना भोकाच्या दिशेचं माप आणि हा फरक काढताना जाडी, चपट्या मण्यात ही दोन मापं वेगळी असतात. २३ घट्ट आणि २४ सैल असं झालं तर मणी बदलू नका, २३ ठेवा आणि एक-दोन बारीक चकत्या घाला.

बारीक काचमण्यांचे, म्हणजे सीड बीड्सचे नंबर उलटे चालतात, नंबर मोठा तितका मणी लहान. ते वजनावर मिळतात, म्हणून संख्या काढून झाली की ग्रॅममध्ये बदलायची. ११ नंबरचे गोल मणी ग्रॅमला साधारण ११० येतात, ८ नंबरचे ४० च्या आत-बाहेर, आणि ११ नंबरचे डेलिकासारखे नळीच्या आकाराचे मणी साधारण २००. धातूचा मुलामा असलेले जड असतात, ते ग्रॅमला कमी भरतात. लूमवर, म्हणजे मण्यांच्या छोट्या मागावर, या डेलिकांची पट्टी विणायची असेल तर १.६ मिमीची एक रांग धरा, १६ सेमीला १०० रांगा, रुंदीला २० मणी, एकूण २००० मणी, म्हणजे १० ग्रॅम. रंगांची वाटणी डिझाइनच्या चौकटीवरून मोजा. पण आधी दहा रांगा विणून मोजून बघा, कारण दोऱ्याची जाडी आणि तुमचा हात किती घट्ट चालतो त्यावर माप सरकतं.

आता वर किती घ्यायचे? मोठ्या मण्यांत दहातला एक जादा पुरे होतो, सीड बीड्समध्ये पंधरा-वीस टक्के धरा कारण वाकडे, भोक बुजलेले, कडा तुटलेले निघतातच. लडी घेत असाल तर ती साधारण ३८ ते ४० सेमीची असते, म्हणजे ८ मिमीचे ४७ ते ५०, ६ चे ६३ ते ६७, ४ चे ९५ ते १००. आपल्या ७१ मण्यांच्या माळेला एक लडी जरा कमीच पडते बघा, आणि चार-आठ मण्यांसाठी अख्खी दुसरी लडी घेणं जिवावर येतं. अशा वेळी मागची साखळी थोडी लांब घ्या किंवा मध्ये मध्ये चकत्या घाला, ६ चे ६३ मणी आणि १.५ च्या ३२ चकत्या मिळून ४२६ होतात. दुसरी लडी घ्यायचीच असेल तर पहिलीबरोबरच घ्या, एकाच लॉटमधली, आणि काम संपेपर्यंत पाकिटावरचं लेबल फेकू नका, लॉट नंबर असला तर तो त्यावरच असतो.