एक मेल सर्व्हर, अनेक डोमेन: पोस्टफिक्स-डव्हकॉटवर लॉगिन कसे सांभाळावेत

इन्फो@एक्झाम्पल.कॉम आणि इन्फो@एक्झाम्पल.नेट हे दोन पत्ते एकाच सर्व्हरवर आले की प्रश्न उभा राहतो: नुसतं 'इन्फो' असं टाकून लॉगिन करणारा यातला कोणता? याचा अंदाज सर्व्हरला बांधू देऊ नका. लॉगिन म्हणजे पूर्ण ईमेल पत्ता, तोही लहान (स्मॉल) अक्षरांत. डव्हकॉट (मेल साठवणारा आणि लॉगिन तपासणारा प्रोग्रॅम), पोस्टफिक्स (मेल पाठवणारा आणि घेणारा प्रोग्रॅम), पासवर्डची फाइल आणि मेलचा फोल्डर, चारही ठिकाणी नावासोबत डोमेन टिकायला हवं. पुढचे बहुतेक घोटाळे यातल्या एखाद्या ठिकाणी डोमेन गळाल्यामुळेच होतात.

खालची माहिती डव्हकॉट २.३ साठी आहे. २०२५ मध्ये आलेल्या २.४ मध्ये सेटिंग लिहायची पद्धत बरीच बदलली, आणि डेबियन १३ मध्ये तीच आवृत्ती येते. त्यामुळे डेबियन १२ वरून अपग्रेड करताना जुनी फाइल तशीच चालेल असं धरू नका. सेटिंग आणि कमांडची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, फाइलमध्ये अर्थातच रोमन स्पेलिंग टाकायचं.

डव्हकॉटची बाजू

डव्हकॉटमध्ये %यू म्हणजे पूर्ण पत्ता, %एन म्हणजे @ च्या आधीचा भाग, %डी म्हणजे डोमेन. मध्ये मोठा 'एल' घातला की अक्षरं लहान होतात. 'ऑथ_युजरनेम_फॉरमॅट' %एलयू ठेवा, मुळात तेच असतं. इंटरनेटवरच्या बऱ्याच जुन्या मार्गदर्शिकांत %एलएन दिलेलं असतं. ते लिनक्सच्या सिस्टिम युजरसाठी ठीक आहे, पण इथे त्याने डोमेन कापलं जातं आणि दोन्ही 'इन्फो' एक होतात. एलएमटीपीच्या (पोस्टफिक्सने आलेली मेल डव्हकॉटकडे सोपवण्याच्या प्रोटोकॉलच्या) विभागात हीच ओळ वेगळी लिहिलेली नाही ना, तेही बघा. तिथे असली तर लॉगिन बरोबर होतं, पण येणारी मेल भलत्या नावाने शोधली जाते.

'ऑथ_डिफॉल्ट_रेल्म' रिकामं ठेवा. त्यात एखादं डोमेन भरलं की अर्धवट नाव टाकणारा प्रत्येकजण त्याच डोमेनचा समजला जातो. दुसऱ्या डोमेनच्या माणसाला मग 'पासवर्ड चुकीचा' दिसतो आणि तो बिचारा पासवर्डच बदलत बसतो.

मेल ठेवायला 'व्हीमेल' नावाचा एकच सिस्टिम युजर पुरतो. त्याचा यूआयडी (युजरचा क्रमांक) रिवाजाने ५००० घेतात. प्रत्येकाचं होम /व्हार/व्हीमेल/%डी/%एन असं ठेवा, म्हणजे एखादं डोमेन हलवायचं झालं तर एकच फोल्डर उचलावा लागतो.

पन्नास-शंभर खात्यांपर्यंत डेटाबेसची गरज नाही, 'पासडब्ल्यूडी-फाइल' पुरते. प्रत्येक डोमेनची वेगळी फाइल करायची तर पाथमध्ये %डी घाला. मग फाइलमध्ये पूर्ण पत्ते लिहायचे की नुसतं 'इन्फो', हे ठरवा. नुसतं नाव लिहिणार असाल तर त्या पासडीबीच्या (डव्हकॉटमधल्या पासवर्ड शोधण्याच्या विभागाच्या) आर्ग्युमेंटमध्ये 'युजरनेम_फॉरमॅट=%एन' हवंच, नाहीतर प्रत्येक लॉगिनला 'अननोन युजर' येईल. पासवर्डचा हॅश (उलट न वाचता येणारं सांकेतिक रूप) 'डव्हअॅडम पीडब्ल्यू -एस बीएलएफ-क्रिप्ट' ने काढा आणि महिरपी कंसातल्या हॅश-पद्धतीच्या नावासकट चिकटवा.

पोस्टफिक्सची बाजू

डोमेनं 'व्हर्च्युअल_मेलबॉक्स_डोमेन्स' मध्ये लिहा आणि 'मायडेस्टिनेशन' मधून काढा. दोन्हीकडे असली तर पोस्टफिक्स लॉगमध्ये इशारा देतं, पण त्या डोमेनला लोकल मानून सिस्टिम युजर शोधतं आणि मेल परत पाठवतं. 'व्हर्च्युअल_मेलबॉक्स_मॅप्स' रिकामं सोडू नका. ते रिकामं असलं की कुठलाही पत्ता आधी स्वीकारला जातो, डव्हकॉट मागाहून नाकारतो आणि परतीची मेल खोट्या प्रेषकांच्या माथी जाते.

पासवर्ड तपासायचं काम डव्हकॉटवरच सोपवा: 'एसएमटीपीडी_एसएएसएल_टाइप' ला डव्हकॉट, पाथ 'प्रायव्हेट/ऑथ'. हे सॉकेट (दोन प्रोग्रॅमना जोडणारी खास फाइल) /व्हार/स्पूल/पोस्टफिक्स च्या आत, पोस्टफिक्स युजरच्या मालकीचं, ०६६० परवानगीने बनवा. मेल पाठवायला ५८७ आणि ४६५ हे पोर्ट उघडे ठेवा. २५ वर लॉगिन देऊच नका.

आता सर्रास राहून जाणारी पायरी. एवढ्यावर थांबलात तर .नेट चा माणूस स्वतःच्या पासवर्डने लॉगिन होऊन .कॉम च्या साहेबांच्या नावाने मेल पाठवू शकतो. ते रोखण्यासाठी 'एसएमटीपीडी_सेंडर_लॉगिन_मॅप्स' हा तक्ता करा: डावीकडे पत्ता, उजवीकडे त्या पत्त्याने पाठवू शकणारे लॉगिन, स्वल्पविरामाने वेगळे. मग पोस्टफिक्सच्या मास्टर फाइलमध्ये (सेवांची यादी असलेल्या फाइलमध्ये) फक्त ५८७ आणि ४६५ च्या सेवांना 'रिजेक्ट_सेंडर_लॉगिन_मिसमॅच' लावा. २५ ला लावलं तर बाहेरच्या फॉरवर्डरमधून आपल्याच पत्त्याने परत येणारी मेलही अडते. प्रत्येकाचा स्वतःचा पत्ताही तक्त्यात लागतो. विसरलात तर ५५३ आणि 'नॉट ओन्ड बाय युजर' मिळेल. हे नियंत्रण लिफाफ्यावरच्या प्रेषकापुरतंच (सर्व्हरला पाठवताना सांगितलेल्या पत्त्यापुरतंच) असतं. वाचणाऱ्याला दिसणारं 'फ्रॉम' त्यात तपासलं जात नाही.

सर्टिफिकेट

सगळ्या डोमेनच्या लोकांना एकच होस्टनेम द्या. सर्टिफिकेट एक, कटकट एक. प्रत्येक ग्राहकाला स्वतःच्याच नावाचा मेल सर्व्हर हवा असेल तर डव्हकॉटमध्ये 'लोकल_नेम' चे विभाग लिहा आणि पोस्टफिक्स ३.४ पासून मिळणारं 'टीएलएस_सर्व्हर_एसएनआय_मॅप्स' वापरा. तो तक्ता 'पोस्टमॅप -एफ' ने बनतो आणि सर्टिफिकेटचा मजकूरच आत साठवतो. त्यामुळे लेट्स एन्क्रिप्टने नूतनीकरण केलं तरी पोस्टफिक्स जुनंच दाखवत राहतं. नूतनीकरणाच्या हुकमध्ये (नूतनीकरणानंतर आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये) पोस्टमॅप पुन्हा चालवा आणि डव्हकॉट रीलोड करा.

तपासणी

मेल क्लायंट उघडण्याआधी सर्व्हरवरच चाचणी घ्या. 'डव्हअॅडम ऑथ टेस्ट' पूर्ण पत्त्याने चालवा, आणि 'डव्हअॅडम युजर' ने होम बरोबर डोमेनमध्ये पडतंय ना ते पाहा. पोस्टफिक्सच्या तक्त्यांसाठी 'पोस्टमॅप -क्यू' आहे. दोन्ही 'इन्फो' खात्यांना मुद्दाम वेगळे पासवर्ड देऊन ते अदलाबदल करून पाहा. चुकीच्या जोडीने लॉगिन झालं तर डोमेन कुठेतरी कापलं जातंय.

लॉगिन होत नसेल तर 'ऑथ_व्हर्बोज' चालू करून लॉगमधलं नाव वाचा. 'ऑथ_युजरनेम_फॉरमॅट' %एलयू असूनही तिथे नुसतं 'इन्फो' दिसलं तर दोष क्लायंटचा आहे: काही जुने क्लायंट युजरनेमच्या चौकटीत @ च्या आधीचाच भाग आपणहून भरतात.

माणूस नोकरी सोडून गेला की पासवर्ड बदलणं पुरत नाही, कारण आधीपासून उघडी असलेली आयमॅप (मेल वाचण्याची) जोडणी तशीच चालू राहते. हॅश बदला, 'डव्हअॅडम ऑथ कॅश फ्लश' आणि मग 'डव्हअॅडम किक' चालवा, आणि सेंडर लॉगिनच्या तक्त्यातून त्याचं नाव सगळ्या ओळींमधून काढा. विशेषतः इन्फो, अकाउंट्स अशा सामायिक पत्त्यांच्या ओळी नीट बघा, कारण नेमकं तिथेच ते राहून जातं.