कडधान्यांचा आठवडा आणि उपासाचा शनिवार

दूधदुभते सोडून केवळ वनस्पतीजन्य आहारावर लांब पल्ल्याचे धावणे जमेल का, असे विचारणाऱ्याच्या मनात बहुधा प्रथिनांची शंका असते. माझ्या अनुभवात ती शंका आठवड्याभरात मिटते. खरा घोळ होतो तो प्रमाणाचा आणि वेळेचा. मंगळवारी दुपारी डब्यातून खाल्लेली मटकीची उसळ अंगी लागते, पण तीच उसळ शनिवारी रात्री दोन वाट्या खाऊन मी एकदा रविवारी पहाटे बावीस किलोमीटरला निघालो होतो. बाराव्या किलोमीटरला घड्याळावरची नजर उडाली आणि ती रस्त्याकडेला आडोसा शोधू लागली. त्या दिवसापासून पानात काय वाढले आहे याच्याइतकाच ते कोणत्या वारी वाढले आहे याचाही विचार करू लागलो, आणि पुढे जे लिहिले आहे ते त्याच विचाराभोवती बेतलेले आहे.

अमेरिकेतील स्कॉट ज्युरेक या धावपटूने १९९९ ते २००५ अशी सलग सात वर्षे वेस्टर्न स्टेट्स ही शंभर मैलांची डोंगरी शर्यत जिंकली आणि ती वनस्पतीजन्य आहारावर जिंकली, एवढ्यावरून हे शक्य आहे का याचे उत्तर मिळते. नोकरी, लोकल, मुलांची शाळा आणि घरातल्या इतरांची जेवणे सांभाळून ते कसे साधायचे याचे उत्तर मात्र आपल्याच स्वयंपाकघरात शोधावे लागते.

पहिली सूचना अशी की, दूध सोडणे आणि अंतर वाढवणे या दोन गोष्टी एकाच महिन्यात करू नयेत. आहार बदलल्यावर सहा ते आठ आठवडे धावणे आहे तेवढेच ठेवावे, म्हणजे थकवा आला तर तो कशामुळे आला हे कळते. सुरुवातीलाच हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन), ब-१२ आणि ड जीवनसत्त्व यांची रक्ततपासणी करून घ्यावी आणि मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पुढचे काहीही करू नये.

आपल्याकडे ‘शुद्ध शाकाहारी’ या शब्दात दूध, दही, ताक, तूप हे सारे गृहीत असते, त्यामुळे दूध सोडणाऱ्याच्या पानातून नेमके काय गेले हे चटकन लक्षात येत नाही. वरणभातावरचे एक मोठा चमचा तूप गेले की सुमारे १२० कॅलरी जातात. दुपारचे दही आणि दोन वेळचा दुधाचा चहा धरला तर ही तूट दिवसाला तीनशेच्या घरात सहज जाते. वनस्पतीजन्य अन्नात पाणी आणि चोथा अधिक असल्यामुळे पोट भरते, पण शरीराला पुरेसे मिळालेले नसते. आठवड्याला चाळीस किलोमीटर धावणाऱ्या माणसाच्या बाबतीत ही गोष्ट हळूहळू उमटते: झोप उडते, चिडचिड होते, किरकोळ दुखणी रेंगाळतात, स्त्रियांची पाळी अनियमित होते. यावर उपाय साधा आहे. भाकरीबरोबर शेंगदाण्याची किंवा तिळाची चटणी चिमूटभर न घेता दोन मोठे चमचे घ्यावी आणि वर कच्चे तेल घ्यावे. जवस, कारळे आणि खोबरे यांच्या चटण्या आलटून पालटून कराव्यात. जवस कुटलेलेच खावे, अख्खे खाल्लेले बरेचसे तसेच बाहेर पडते. वजन उतरवण्यासाठी आहार बदलणाऱ्यांना हा सल्ला आवडत नाही हे मला ठाऊक आहे, पण शर्यतीची तयारी आणि वजन उतरवण्याची मोहीम एकत्र चालवणाऱ्यांची फरफट मी पुरेशी पाहिली आहे.

आता प्रथिने. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०२० ची शिफारस सामान्य प्रौढासाठी दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम आहे. लांब पल्ल्याचा सराव करणाऱ्याने १.२ ते १.६ ग्रॅम धरावेत, म्हणजे साठ किलोच्या माणसाला दिवसाला साधारण ७२ ते ९६ ग्रॅम लागतात. येथे आपली फसगत घरच्या वरणामुळे होते. एका वाटी पातळ वरणात कोरडी डाळ जेमतेम पंधरा-वीस ग्रॅम असते आणि तिच्यातून चार ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. तरीही आपण ‘वरण खाल्ले’ म्हणून निश्चिंत होतो. म्हणून डाळ शिजवण्यापूर्वी कोरडी मोजावी. माणशी पन्नास ग्रॅम कोरडी डाळ किंवा कडधान्य एका जेवणात गेले तर अकरा-बारा ग्रॅम प्रथिने मिळतात. दुपारी ज्वारीच्या दोन भाकऱ्या आणि मटकीची घट्ट उसळ, संध्याकाळी मूठभर फुटाणे आणि पेलाभर सोयादूध, रात्री भात, घट्ट आमटी आणि तीस ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांची रस्साभाजी, आणि सकाळच्या पोह्यांत सढळ हाताने घातलेले शेंगदाणे एवढे धरले तरी बेरीज पंचाहत्तरच्या आसपास पोहोचते. धान्यात लायसीन हे अमिनो आम्ल कमी असते आणि डाळीत भरपूर, म्हणून दोन्ही खावीत. पण ती एकाच घासात असावी लागतात हा समज जुना झाला आहे, दिवसभरात मिळाली तरी चालते.

लोहाच्या बाबतीत मात्र एकाच घासाला खरोखरच महत्त्व आहे, आणि त्यासाठी कांदेपोह्यांच्या बशीकडे जरा जवळून पाहावे. पोह्यांत आणि शेंगदाण्यांत थोडे लोह आहे. वर पिळलेल्या लिंबातील क जीवनसत्त्व ते लोह शोषून घ्यायला मदत करते. ही जोडी ज्याने कोणी लावली त्याने ती चवीसाठी लावली असेल, पण शरीराच्या दृष्टीनेही ती अचूक आहे. मग बशीशेजारी वाफाळता कप येतो आणि चहातले टॅनिन त्याच लोहाला बांधून ठेवते. वनस्पतींतील लोह आधीच कमी प्रमाणात शोषले जाते, त्यात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिवसाला पुरुषासाठी १९ आणि स्त्रीसाठी २९ मिलिग्रॅमची शिफारस केली आहे, म्हणून ही उधळपट्टी आपल्याला परवडणारी नाही. चहा किंवा कॉफी जेवणाखाण्याच्या आधी किंवा नंतर तासभराच्या अंतराने घ्यावी. कडधान्ये भिजवून मोड आणणे, आंबोळीचे पीठ आंबवणे, लोखंडी कढईत पालेभाजी परतणे या आजीच्या रीती लोहाच्या दृष्टीने उपयोगी आहेत, कारण भिजवण्याने आणि आंबवण्याने लोह अडवून ठेवणारे फायटेट कमी होते आणि कढईतून थोडे लोह भाजीत उतरते. धावणाऱ्यांनी हिमोग्लोबिन ठीक आहे म्हणून थांबू नये, फेरिटिन पाहावे; साठा आधी आटतो आणि हिमोग्लोबिन नंतर घसरते. लोहाच्या गोळ्या मात्र तपासणीशिवाय घेऊ नयेत.

ब-१२ बद्दल तडजोड नाही. ते जीवाणू तयार करतात आणि वनस्पतीजन्य अन्नातून ते भरवशाने मिळत नाही. स्पिरुलिना नावाचे शेवाळ, आंबवलेले पदार्थ किंवा मातीतली भाजी यांच्या भरवशावर राहिलेली माणसे पुढे हातापायांना मुंग्या येतात म्हणून डॉक्टरांकडे जातात. यकृतात त्याचा साठा काही वर्षे पुरतो, त्यामुळे पहिले वर्ष छान गेले याचा अर्थ काहीच होत नाही. शिवाय डाळी आणि पालेभाज्या यांत फोलेट हे ब गटातलेच दुसरे जीवनसत्त्व भरपूर असल्यामुळे ब-१२ च्या कमतरतेचा पंडुरोग झाकला जातो आणि मज्जातंतूंची हानी मात्र चालू राहते. रोज किमान १० मायक्रोग्रॅम किंवा आठवड्यातून २००० मायक्रोग्रॅमची गोळी ही प्रचलित मात्रा आहे. एका वेळी शरीर थोडेच शोषते म्हणून आठवड्याची मात्रा एवढी मोठी दिसते. कमतरता आधीच असेल तर मात्रा डॉक्टर ठरवतील.

कॅल्शियमसाठी नाचणी आणि न सोललेले तीळ यांच्यावर भर द्यावा: शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. पालकातील कॅल्शियम त्यातल्याच ऑक्झलेट या घटकामुळे अडकून राहते आणि फारसे मिळत नाही. शेवग्याचा पाला त्यापेक्षा बरा. सोयादूध कॅल्शियम घातलेलेच घ्यावे आणि खोका हलवून ओतावे, नाही तर कॅल्शियम तळाशी बसून राहते. ज्यांनी हौसेने सैंधव सुरू केले आहे त्यांनी रोजच्या स्वयंपाकात आयोडीनयुक्त मीठ परत आणावे, कारण आयोडीन देणारे दूधही आता पानात नाही.

आठवड्याचा सराव नोकरदार माणसाला झेपेल असा ठेवावा. मंगळवारी आणि गुरुवारी चाळीस-पन्नास मिनिटे निवांत धावणे, बुधवारी घरीच अर्धा तास बैठका, पायऱ्या आणि पोटाचे व्यायाम, शुक्रवारी थोडा चढ किंवा थोडा वेग, रविवारी लांब अंतर, आणि सोमवारी व शनिवारी विश्रांती. निवांत म्हणजे पूर्ण वाक्य न धापता बोलता येईल इतके. बहुतेक जण येथेच चुकतात आणि दर वेळी शर्यत असल्यासारखे धावतात. रविवारचा वेळ दर आठवड्याला दहा-पंधरा मिनिटांनी वाढवावा आणि चौथ्या आठवड्याला मुद्दाम कमी करावा. सातारच्या हिल मॅरेथॉनसाठी, म्हणजे यवतेश्वराचा घाट चढून उतरण्यासाठी तयारी चालू असेल तर उतारावर धावण्याचाही सराव हवा, कारण मांड्यांचा कस चढापेक्षा उतारावर अधिक लागतो.

मुख्य मुद्दा आता येतो. सोमवार ते शुक्रवार कडधान्यांचे, आणि शनिवार उपासाचा. येथे उपास म्हणजे पोट रिकामे ठेवणे नव्हे, तर आपल्या घरांत एकादशीला जे पदार्थ होतात ते. लांब धावण्याच्या आदल्या रात्री पिष्ट भरपूर, चोथा कमी आणि मसाला जवळजवळ नाही असे अन्न हवे असते. साबुदाणा, उकडलेली रताळी, बटाटा, केळी, खजूर, राजगिऱ्याचे लाडू अशी उपासाची फडताळे नेमकी याच अन्नाने भरलेली असतात. साबुदाण्यात प्रथिने नाहीत म्हणून आहारतज्ज्ञ त्याला नावे ठेवतात, आणि ते रोजच्या जेवणाबाबत बरोबरही आहे, पण शनिवारी रात्री तेच त्याचे बलस्थान ठरते. पाऊण वाटी, म्हणजे साधारण शंभर ग्रॅम साबुदाणा कोरडा मोजून भिजवावा; त्यातून ८५ ग्रॅमच्या पुढे कर्बोदके मिळतात. खिचडीला तूप न घालता बेताचे तेल घालावे, दाण्याचा कूट नेहमीच्या निम्मा, मिरची एखादीच, आणि मीठ मात्र नीट. आठच्या आत जेवून घ्यावे. खिचडी नको असेल त्याने मुगाच्या पातळ वरणाबरोबर पांढरा भात खावा; हातसडीचा तांदूळ आणि मोडाची उसळ पुढच्या आठवड्यासाठी ठेवावी.

रविवारी निघण्याच्या तासभर आधी एक केळे आणि तीन-चार खजूर पुरतात. सव्वा तासापेक्षा कमी धावायचे असेल तर वाटेत पाणी पुरेसे आहे. त्याहून अधिक असेल तर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जायला हवीत, आणि भूक लागण्याची वाट न पाहता पाऊण तासानंतर सुरुवात करावी. लहान खजूर एक म्हणजे पाच-सहा ग्रॅम. बिया काढून, मध्ये मिठाचे दोन खडे दाबून छोट्या पिशवीत ठेवले तर धावताना बोटे चिकट होतात एवढाच त्रास. सायकलवर असाल तर लहान बटाटे साले काढून, उकडून, मीठ लावून बरोबर घ्यावेत: शंभर ग्रॅमला वीस ग्रॅम कर्बोदके, आणि तिसऱ्या तासाला गोडाचा उबग आला की बटाट्याची चव अमृतासारखी लागते. पेय घरीच करावे. अर्धा लिटर पाण्यात सहा-सात सपाट चमचे साखर, चमच्याचा आठवा भाग मीठ आणि अर्धे लिंबू घातले की साधारण तासाभराची किमान सोय होते. शहाळ्याचे पाणी छान असते, पण त्यात पोटॅशियम अधिक आणि सोडियम कमी, म्हणून मुंबईच्या दमट हवेत केवळ त्यावर विसंबू नये. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनमध्ये पेडर रोडचा चढ शेवटच्या टप्प्यात येतो, आणि तोवर पोटाने साथ द्यायची असेल तर हे सारे खाणेपिणे आधीच्या रविवारी करून पाहिलेले हवे. तासाला तीस ग्रॅमपासून सुरुवात करून आतड्यालाही पायांसारखीच सवय लावावी लागते.

परतल्यावर तासाभरात सोयादूध, केळे आणि मूठभर फुटाणे घ्यावेत, म्हणजे पंधरा-वीस ग्रॅम प्रथिने मिळतात, आणि मग अंघोळ उरकून भाजणीचे थालीपीठ, ज्यात धान्ये आणि डाळी आधीच एकत्र भाजून दळलेल्या असतात. दह्याऐवजी सोबत लिंबाचे लोणचे किंवा टोमॅटोची कोशिंबीर चालते. थालीपीठ तव्यावर असतानाच मटकी निवडून भिजत घालावी. रात्री ती उपसून पंचात बांधून ठेवली की सोमवारी रात्रीपर्यंत मोड येतात आणि मंगळवारच्या डब्याची उसळ होते.